सेटिंग

उद्यमबागेत मी सेटर. वीस वर्षं झाली.
जॉब कापायला चार मिनिटं लागतात,
सेटिंगला कधी कधी अख्खी पाळी जाते.
चकमध्ये धर, डायल लाव, शून्य शोध,
तोवर सुपरवायझर दोनदा विचारून जातो, झालं का?
म्हणून भट्टीवरच्या इरण्णाची शिवलीला
फोनवर जेव्हा म्हणाली,
काका, आधी हत्यारं बसवून घ्यायची, प्रोग्राम मग,
तेव्हा मला हसूच आलं.
हे मला सांगतेस होय गं?

लॅपटॉप खडेबाजारातला, तिसऱ्या हातचा.
'ओ'चं बटण रुसलेलं, बॅटरी नावाला.
होतं नव्हतं ते पुसलं आणि पेनड्राइव्हवरून
उबुंटू चढवलं. फुकट आहे म्हणाली, आणि उघडं.
म्हणजे बॉनेट वर करून गाडी दाखवतात तसं,
फक्त विकत नाहीत.

त्यानं पहिल्यांदा भाषा विचारली.
लांबच लांब यादी. कन्नड होती, मराठी होती,
मधे कुठल्या कुठल्या परक्या भाषा
अंग चोरून बसलेल्या.
मी मराठीवर बोट ठेवलं. कुणी काही बोललं नाही.
मग विचारलं, राहता कुठं?
यादीत बेळगाव नाही, बेळगावी नाही,
बंगळूर नाही, मुंबईसुद्धा नाही.
कोलकाता दाबा की काका, सगळ्यांचंच कोलकाता.
बापजाद्यांपासूनचा प्रश्न एका क्लिकात मिटला,
आणि निकाल
दोघांच्याही बाजूनं नव्हता.

मग ती काळी खिडकी.
सुडो लिहा, म्हणाली. सुडो म्हणजे मालकाची सही.
पासवर्ड मारतोय तर पडद्यावर काहीच उठेना,
ठिपका नाही, फुली नाही.
'दिसत नाही काका, पण पोचतंय. स्वल्प तडी.'
तीनदा चुकलो.
सुडोतला ओ दिसत होता म्हणून दाबून काढला,
पासवर्डातला अंधारात राहिला.

कंपायलर उतरायला लागला. रेघांवर रेघा,
टूलखालून चिप्स सुटतात तशा.
बासष्ट टक्क्यांवर हेस्कॉमनं करंट घालवला.
वडगावात माग थांबले की कळतं
रात्र किती मोठी आहे.
करंट आला दीडला.
मशीन म्हणालं, मागचं अर्धवट राहिलंय, आधी ते निस्तरा.
शिवलीला झोपली असणार. तिनं संध्याकाळीच
एक ओळ पाठवून ठेवली होती, अडलं तर म्हणून.
अक्षर अक्षर ताडून ती मारली.
शेवटी तिनं लिहिलं होतं, आगतद.
झालं पण.

पहिल्या प्रोग्रामात सगळे जगाला नमस्कार घालतात म्हणे.
जगाशी माझं काय काम?
मी बारचं वजन घेतलं.
व्यासाचा वर्ग, भागिले एकशे बासष्ट,
मीटरला तितके किलो. हे मला झोपेत येतं.
पंचवीसचा बार: तीन किलो, आठशे अठ्ठावन्न ग्रॅम.
मशीन म्हणालं,
३.०००
पुन्हा चालवलं. ३.०००
तिन्ही शून्यं कशी शहाण्यासारखी ओळीत उभी.
वरचे आठशे अठ्ठावन्न ग्रॅम गेले कुठं?
स्टोअरमध्ये असं झालं असतं
तर गेटवर डबे उघडून बघितले असते.
अर्धा तास मी त्या पडद्यात लोखंड शोधत होतो.

मग नुसता बसलो, एकशे बासष्टकडे बघत.

सीएनसीवर पॉइंट राहिला
की पंचवीस मिलिमीटरचे पंचवीस मायक्रॉन होतात,
टूल जाऊन जॉबवर आदळतं,
आणि मी शॉपभर ओरडत सुटतो,
पॉइंट टाका रे, पॉइंट! बापाचं काय जातंय तुमच्या?
गेल्या सोमवारीच भैरूला रडवलं त्यावरून.

एकशे बासष्ट. पॉइंट. शून्य.

३.८५८

बाहेर माग कधीचे परत सुरू झाले होते.
मला सहाची पाळी.
भैरूला हे सांगायचं की नाही,
सायकल बाहेर काढेपर्यंत
ठरत नव्हतं.