झाकण

चाकणला सहा वर्षं मी हिरवं बटन दाबलं.
पत्रा आत जायचा, चकत्या बाहेर यायच्या.
मशीनच्या बगलेत एक राखाडी डबा होता,
चार स्क्रूंचा.
सुपरवायझर म्हणायचा, तो तुझा विषय नाही.

आता वडनेरच्या फाट्यावर, पंक्चरच्या दुकानाला लागून,
टिनाखाली माझा स्वतःचा टेबल.
पाच फूट बाय तीन.
पाय जुन्या थ्रेशरचे, रूळ नागपूरच्या भंगारातले,
मोटारी मात्र कुरिअरनं आल्या.
इर्शाद अख्ख्या तालुक्याचे पंप गुंडाळतो,
त्यानं एक कानाशी धरून फिरवली, म्हणाला,
"हे मोटर नाई बे. हे घड्याळ होय."

पहिल्या रात्री शंभर मिलिमीटर मागितले.
सत्त्याण्णव दिले.
आकडा बदलला. एकशे दोन.
पुन्हा बदलला.
सगळा कारभार रात्रीचा,
थ्री फेज आमच्याकडे अकराला येते.
लोक ओलिताला जागतात,
मी आकड्यांना.

मे महिन्यात लोखंडाचंही खरं नसतं,
सकाळी गुण्यात, दुपारी केसभर लांब.

आणि टॉर्च पेटली की कॉम्प्युटर मरायचा.
पेटली, मेला.
पेटली, मेला.
टिनामागं आठ फूट खड्डा खणला,
तांब्याची पट्टी, कोळसा, पोतंभर खडेमीठ,
आणि रोज संध्याकाळी वरून दोन बादल्या पाणी.
येणारे-जाणारे विचारतात, काय लावलं?
आर्थिंग, मी म्हणतो.
एकानं विचारलं, किती दिवसानं येते?

पहिला गोल कापला तेव्हा शालिकमामा उभे होते.
तीस वर्षं गॅस कटर, कानावर खडू,
उजव्या भुवईत ठिणगीनं पाडलेली फट.
"गोल होय का अंडं?"
मग खिशातून सुतळी काढून
टेबलाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणली,
गाठ मारली,
तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरली.
गाठ पोचली नाही.
मुगाच्या दाण्याएवढी.
सहा रात्री मी स्क्रीनवर हेच शोधत होतो.
मामांनी गाठ सोडली, सुतळी गुंडाळली,
चहाही न घेता गेले.

मग कळलं, आगीलाही जाडी असते.
दीड मिलिमीटर.
रेघेवरून चालवली तर वस्तू तेवढी खंगते,
तिला रेघेच्या अंगानं, बाहेरून न्यावं लागतं.
चाकणच्या मशीनला हे ठाऊक होतं.
मला नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक झोटिंग, गिरणीवाला.
चकती, आठ भोकांची, सहा एमएम.
दोन मिनिटं दहा सेकंद.
तुटून पाण्यात पडली, चुर्र झाली,
शाईसारख्या त्या पाण्यातून मी ती चिमट्यानं काढली.
भोकं वरून गोल, खालून थोडी चिंचोळी.
मी तेच दाखवत बसलो.
झोटिंग म्हणाला, बोल्ट गेला ना? मंग.
दीडशे दिले, तीस लिहून ठेव म्हणाला.

राखाडी डबा मीही आणला होता, झाकणासकट.
झाकण लावलं नाही.
शाळा सुटली की पंक्चरवाल्या उईकेंची जयू येते,
हात मागे बांधून वाकते.
"हे तार कायचं?"
डावीकडं जायचं.
"आन् हे?"
टॉर्च वर उचलायचं.
"हे पिवळं?"
घरी यायचं. कुठंही असली तरी
आधी घरी येते, तिथून मोजायला लागते.
"दररोज?"
दर वेळी.

श्रावणात एक पाल आत शिरली,
दोन तारांवर पाय ठेवून जागच्या जागी गेली,
बोर्ड घेऊन गेली. चौदाशे रुपये.
तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मारली.
दिसतं तिच्यातून.

जयू आता जाळीला नाक लावून विचारते.
एक करडी तार आहे कोपऱ्यात,
काढली की सगळं बंद पडतं.
कशाची, ते मला अजून
तिला सांगता आलेलं नाही.