लोकरीचे तुकडे

शुवैखात, टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात
ऑगस्टात ती गाडी आली.
पांढरी, बुटकी, दोन दारांची, पोटात दोन टर्बो.
मिशारी म्हणाला, इंटरकूलर समोर लाव,
जाळीतून चमकला पाहिजे.
बावीस वर्षांचं पोर. चमकायचं वय.

मी जाळीत हात घातला, मनगटापर्यंत.
आत रेडिएटर आधीच बसलेला,
त्याच्यापुढे एसीचा कंडेन्सर.
आता तिसऱ्याला त्यांच्या तोंडासमोर उभा केला
तर मागच्यांच्या वाट्याला
त्याचा उष्टा वारा.
पन्नास डिग्रीत उष्ट्या वाऱ्यावर
पाणी किती वेळ गप्प बसेल?

कुन्हुमोन म्हणाला, इंजिनाच्या डोक्यावर ठेव,
बॉनेटला भोक पाड, पाइप आखूड, जोर झटक्यात.
खरंय. पण सिग्नलला उभी राहिली
की वरून ऊन, खालून तवा,
मधे तो, भाकरीसारखा.
अल्लादित्ता उस्ताद म्हणाला, डिकीत बर्फाची पेटी, पाण्याचा पंप.
बर्फ वितळल्यावर?
मग परत बर्फ.
उस्तादांचं सगळं आयुष्य असंच चाललंय.

टर्बोचं दुखणं साधं आहे.
हवेला धरून दाबायचं.
दाबली की तापते, तापली की फुगते,
फुगली की मावत नाही.
म्हणून कामाला जुंपण्याआधी
तिला वाटेत जरा थांबवून गार करायचं.
माझ्या पहिल्या वर्षी
हे कुणाला सुचलं नव्हतं.

रात्री अकराला सालमी रोडवर गेलो.
बंपरभर लाल लोकरीचे तुकडे, बोटाएवढे,
चिकटपट्टीने लावलेले, एकतीस.
मिशारी गाडीत. आम्ही शेजारून पिकअपमध्ये,
मी खिडकीतून अर्धा बाहेर, हातात बॅटरी,
दातांत वाळू.
मधले तुकडे भांबावलेले,
एक वर, एक खाली, एक स्वतःभोवतीच.
पण दिव्यांच्या खाली, दोन्ही कोपऱ्यांत,
जिथे कंपनीने नुसत्या शोभेची
खोटी खिडकी दिली होती, काळ्या प्लास्टिकची,
तिथले तुकडे ताठ.
आत बोट दाखवत होते.
ओरडलो. कुन्हुमोनला वाटलं पडलो.

खोट्या खिडक्या कापल्या.
एकाऐवजी दोन छोटे, एकेका कोपऱ्यात एकेक.
आधी खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला,
चाक पूर्ण वळवून पाहिलं, घासत नाही ना,
मग अ‍ॅल्युमिनियम, मग वेल्डिंग, दोन रात्री.
चाकामागे फटी पाडल्या, चार-चार.
मिशारीने विचारलं, या कशाला?
म्हटलं, आत आलेल्याला बाहेर जायची सोय लागते,
नाहीतर वारा दारातच अडतो.
वाऱ्याला हे आधीच कळतं.
आम्ही सही करून आत येतो.

तो थोडा रुसला. काहीच दिसत नाही, म्हणाला.
मग मीटर पाहिला.
टर्बोतून निघताना एकशे अठरा,
इंटरकूलरच्या पलीकडे पन्नास.
चाळीसच्या खाली आण ना, सदीक.
बाहेर किती आहे?
एक्केचाळीस.
मग कसं आणू?
बाहेरच्या हवेपेक्षा गार
होता येत नाही याला.
तो हसला, दोन दिनार जास्त दिले,
आणि गेला, शिट्टी घालत.

एक तुकडा माझ्या बाहीला चिकटून राहिला होता.
खोलीवर आलो तेव्हा सगळे झोपलेले,
आठ खाटा, एक एसी.
नऊ वर्षं आमचं भांडण:
वारा नेमका कुणाला लागतो.
करीम म्हणतो मला, मी म्हणतो करीमला,
नवा पोरगा काहीच म्हणत नाही,
ओला टॉवेल पांघरून झोपतो.

स्टुलावर चढलो.
तुकडा एसीच्या ओठाला लावला,
मोबाइलचा उजेड धरला.
थोडा हलला, सरळ झाला,
आणि आठही खाटा सोडून
दाराकडे बोट केलं,
जिथे आमच्या चपला
ओळीने, गार,
ठेवलेल्या असतात.

सकाळी पुठ्ठा मागितला टायरवाल्याकडे.