पन्नासाला एक

कळव्यात, खाडीपुलापाशी माझं गॅरेज.
जुन्या टू-स्ट्रोक घेऊन पोरं येतात,
म्हणतात, घाग काका, कुठलंही ऑइल टाका.

कुठलंही?
वर बर्फात, स्नो-स्कूटरला
हाताला लागलं ते ओतलं होतं एकदा,
मीच.
पहाटेपर्यंत टाकीत डिंक.
पंप कोरडा, पिस्टन जाम,
आणि नोर्बू सहा किलोमीटर चालत आला,
औषधांची पेटी पाठीवर.
बोलला काहीच नाही.
चहा मागितला,
मग डाव्या हातात धरला.

इथे गोठून गोठून काय गोठतं?
जानेवारीत बायकोची खोबरेलाची बाटली,
तीही अर्धीच.
ती उन्हात ठेवते,
मी जाता-येता हलवून बघतो.

पन्नासाला एक, पोरा.
अंदाजानं नाही, मापानं.
प्लग काढ. काजळी पूस.
आता मार किक.