वायसर

भोसरीच्या पंपांच्या कारखान्यात
क्लाउडवरच्या फायली शोधाला जोडायला आले.
कनेक्टरला किल्ली दिली, नुसती वाचण्याची,
आणि तो निघाला फोल्डरामागून फोल्डर
मीटरचं रीडिंग घेणाऱ्या माणसासारखा,
घरात काय शिजतंय ते न विचारता.

चार लाख अकरा हजार फायली.
‘फायनल’, ‘फायनल२’, ‘हीच_फायनल’,
‘टाकवणे_हात_लावू_नये’.

रात्री साडेअकराला इंडेक्स भरला.
टाइप केलं : वॉशर.
ड्रॉइंगं आली ढीगभर,
स्टोअरची एकसुद्धा नोंद नाही.

सकाळी टाकवणे आले, स्टोअरकीपर,
निवृत्तीला सतरा दिवस.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
‘मॅडम, वायसर टाका.’

वायसर.
चौदा वर्षांचे वायसर खळ्ळकन टेबलावर :
तांब्याचे, फायबरचे, दापोडीहून उसने आणलेले,
‘बाबर १२ नग घेऊन गेला, परत नाही.’

मी समानार्थींची यादी उघडली.
वॉशर, वायसर.
व्हॉल्व्ह, वाल.
ते सांगत गेले, मी भरत गेले,
चहावर साय धरली.

मग त्यांचं बोट पडद्यावर अडलं.
‘हे आता सगळ्यांना दिसणार?’
‘ज्याला परवानगी, त्याला.’
‘म्हणजे साहेबांना.’
‘हो.’
‘बाबरनं परत दिले होते हो.
लिहायचं माझ्याकडून राहिलं.’

माझी किल्ली नुसती वाचण्याची.
कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.
एका बोटानं ते शोधू लागले
‘परत’मधला प.