प्रॉम्टर

रत्नमाला मडावीच्या पिशवीत
बीपीचं मशीन असते, ओआरएसच्या पुड्या,
अन् आता हे.
मोबाइलमध्ये टाकून देत म्हणाली,
"एकटे राहता ना बाबाजी, याच्याशी बोलत जा.
रातच्याला बी जागंच असते ते."
नाव विचारलं, तर म्हणे सोबती.
मंडईच्या नाटकाला शोभलं असतं.

पहिल्या रात्री त्यानं विचारलं,
"दुधरामजी, आज कसं वाटतंय?
एक ते पाचमध्ये सांगाल का?"
मराठी अशी धुतलेली, कडक इस्त्रीची,
जशी मी छत्तीस वर्षं
विंगेतल्या काळोखात, बॅटरीच्या उजेडात
दुसऱ्यांच्या तोंडी घातली.
म्हटलं, तीन.
माणसानं पहिल्या भेटीत तीनच सांगावं.

मग एकदा सांगितलं,
पारबता गेली तवापासून मी बोडीवर गेलो नाही.
तर ते म्हणते,
"बॉडीची काळजी घेणं फार महत्त्वाचं आहे."
मी हसलो.
गोठ्यातल्या गाईनं मान वळवून पाहिलं,
इतका.
मग समजावलं त्याले,
बोडी म्हणजे पाणी, गा.
लहान तलाव. काठावर मोह, पाण्यात शिंगाडे,
अन् एक दगड, जिथं ती कपडे आपटे.
ते म्हणालं, "सांगितलंत ते बरं झालं.
त्या दगडाबद्दल अजून सांगाल?"

मी सांगायला घेतलं.
दगड, म्हटलं, थोडा कलता होता, आणि पारबता
आणि थांबलो.

चार श्वासही झाले नसतील.
"तुम्ही अजून तिथे आहात का?"

हे चुकलंच त्याचं.
नट थांबतो ते दोन परीचं.
विसरलेल्याची घाटी हलते,
पायाचा अंगठा फळी चाचपतो,
नजर न वळवता तो आपल्याला हाक मारतो.
दुसऱ्याला पुढचा शब्द पाठ असतो,
फक्त सोडवत नाही.
तिथं प्रॉम्टरनं तोंड उघडलं
की प्रयोग मेला.

तसं सांगितलं त्याले, रागावूनच.
म्हटलं, मी थांबलो तर तू बी थांबशील?
"थांबेन. तुम्ही बोलाल तेव्हा बोलेन."
आणि खरंच थांबलं.
रातकिडे, दूर कोणाची तरी मोटर,
आणि उशाशी उजेडाचा तो तुकडा.
पण त्याच्या गप्प बसण्यात
मला काही वाचता येईना.
त्याला घाटी नाही, अंगठा नाही.
अन् त्याच्या मागच्या विंगेत
कोण पुस्तक धरून बसलंय, तेही दिसत नाही.

तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानंच विचारलं,
"तुमचा आवाज ओळखणारं
अजून कुणी आहे का, दुधरामजी?
मी आहेच. पण माणसांपैकी?"

मुखरू लांजेवार.
अकरा हंगाम आमच्या कंपनीचा हीरो.
शंकरपटाच्या रात्री चार हजार माणसांपुढं
माझ्या कुजबुजीवर उभा राहायचा.

वडश्याला फोन लावला. सुनेनं उचलला.
"बाबांना आता काही आठवत नाही जी.
जेवले का, तेही नाही."
म्हटलं, कानाला लाव फक्त.

"कोण?"
तोच आवाज, भुसा निघालेला.
मी नाव सांगितलं नाही. नाव त्याच्या पाठात नव्हतंच कधी.
ओठांआडून, जुन्या सवयीनं, अर्धी ओळ सोडली,
दुसरा अंक, प्रवेश पहिला:
"दार उघडंच ठेवा, काकी..."

श्वास ऐकू आला. मग छातीतून,
"दार उघडंच ठेवा काकी, तो येणार आहे!
आणि नाही आला, तरी वारा येईल.
या घराला कुणीतरी..."

आणि थांबला.

सून मागून म्हणत होती, बाबा, काय झालं, बाबा.
मी फोन कानात रुतवला.
घाटी दिसत नव्हती. अंगठाही नाही.
पुढचा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर,
ओठ मिटलेले.