चार पूर्णांक तीन

रासयच्या यार्डात वर्षातून एकदा आमची गाडी येते.
कॅन्टीनच्या शेडखाली टेबल, टेबलावर यंत्र,
नाकाला चिमटा, तोंडाला पुठ्ठ्याची नळी.
मी ओरडते: घ्या, घ्या, छाती भरून घ्या,
आता सोडा! फुंका फुंका फुंका, अजून आहे, अजून आहे!
सहा सेकंद.
लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, बाळंतपण चाललंय.
सांतान फुर्ताद दरवर्षी हसतो
आणि त्याचा पहिला प्रयत्न वाया जातो.

मागे झुवारीतून ओढून काढलेली बार्ज,
पोटावर बारा वर्षांचा गंज.
रेतीचा फवारा तो खरवडून काढतो,
खालचा पत्रा नव्या ताटासारखा उजळतो.
रेती कुठे जाते
हे विचारायला मला पाठवलेलं नाही.
मी फक्त श्वास मोजायचा. लिटरमध्ये, दुधासारखा.

पाईक शिरोडकर, वय बावन्न, उंची एकशे चौसष्ट,
ब्लास्टिंगला एकोणीस वर्षं.
माझ्या वहीतले मागचे आकडे:
तीन पूर्णांक चार.
तीन पूर्णांक एक.
गेल्या साली दोन पूर्णांक सहा.
यंदा चार पूर्णांक तीन.

पडद्यावरची रेघ सणसणीत वर गेलेली.
बावन्नाव्या वर्षी केस काळे करता येतात,
फुफ्फुसाला कलप मिळत नाही.
मी चेहरे पाहत नाही कधी,
सकाळपासून चाळीस तोंडं झालेली असतात.
आता पाहिला.
टोपी कानापर्यंत ओढलेली, मिशी नुकती फुटलेली,
मनगटावर रेतीची एक टोचणी नाही.

नाव?
पाईक शिरोडकर, चिमट्यातून गेंगाणा आवाज.
खरं?
त्याने चिमटा काढला.
सर्वेश. मामा भायर आसा.

मामा नळाजवळ उभे होते. आले.
माफी मागितली नाही.
"आकडा उतरला की माणूस उतरवतात, बाय.
गेल्या साली दोघे नापास झाले. बेहेरा ओडिशाला गेला.
रोज गेला, धाप त्याच्याकडेच राहिली."
मग नदीकडे बघत,
"इथंच बुडी मारून शिनाण्या काढायचो.
बायको काठावर मोजायची. पन्नास, पंचावन्न.
ती मोजायची मी वर यावं म्हणून.
तुम्ही कशाला मोजता?"

मी म्हटलं, बसा.
चिमटा लावला, नवी नळी दिली.
घ्या, घ्या, भरून घ्या...
ओरडायचं विसरले मी मध्येच.
तिसऱ्या सेकंदाला खोकला आला,
टेबलावरचे कागद हलले.
दोन पूर्णांक दोन.

फॉर्मवर तीन चौकटी असतात:
योग्य, अयोग्य, अटींवर योग्य.
तिन्ही माणसासाठी. शेडसाठी एकही नाही.
वाढवून लिहिणं सोपं होतं,
दोनाचा तीन करायला एक वळसा पुरतो.
नाही केला. चांगलं केलं की वाईट,
हे बोरीच्या पुलावर गाडी आली तरी ठरलं नव्हतं.
पण शेऱ्याच्या ओळीत, जिथे मी नऊ वर्षं
"काही नाही" लिहीत आले,
तिथे लिहिलं: रेती बदला. माणूस नको.
कोण वाचणार, ठाऊक नाही.
मॅनेजर सही करताना फोनवर असतात.

निघताना सर्वेश गाडीच्या दाराशी आला.
"मॅडम, माझा तो आकडा चांगला ना?"
फार चांगला.
"मग तो फुकट घालवू नका.
पुढच्या महिन्यात मला घेतायत. मामाच्या जागी."

मी नवं कार्ड काढलं.
नाव, वय तेवीस, उंची.
पहिल्या ओळीत लिहिलं चार पूर्णांक तीन.
खाली एकोणीस ओळी कोऱ्या होत्या.
छापखान्यातूनच तशा येतात.