बाइंडिंगला आलेले कागद

कॅम्पातल्या क्लारिस टीचरनी
रिक्षातून धाडले तीन पोती कागद.
"संगीतकारावार लावा, नागोजी."

मला ते काळे ठिपके वाचता येत नाहीत,
नावं तेवढी लागतात.
गुडघ्याएवढा ढीग एकट्या चेर्नीचा.
आठशेच्या वर नंबर गेलेत म्हणे बाबाचे,
जेवायचा कधी, काय की.
लिस्ट त्याच्या खालोखाल.
शोपँ वीतभरच,
पण पाठ तीनदा मोडलेली, सरसाचे जुने डाग,
एक शिलाई माझ्या बापाच्या हातची.

चेर्नीची पहिली वीस पानं कोपऱ्यांत मऊ,
पुढची कोरी करकरीत.
सतराव्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं
कुणीतरी कानडीत: साकु.
त्याखाली, दुसऱ्याच हाताचं, मराठीत: पुरे.
दोघांच्या खाली लाल शाईत टीचर:
अजून एकदा.

कटिंगला लावताना
कड पाव इंच आत घ्यायची असते.
ह्या वहीची नाही घेतली.
बाकीच्यांहून रुंद राहिली,
कपाटात बसत नाही म्हणून
टीचर बोलतील.
बोलू देत की.